बॅटरीच्या बाई

आमच्या वरवंडच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई माणसाशी बोलण्याआधी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारायच्या. बाजारात, एस्टीत, हळदीकुंकवाला, कुठंही. भाषणाला उभ्या राहिलेल्या सरपंचांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. "बाहुल्या ठीक हायेत, बोला आता," म्हणाल्या. सगळं गाव त्यांना बॅटरीच्या बाई म्हणायचं आणि त्यांना ते आवडायचंही.

हे वेड उगाच नव्हतं. त्या वेळी माणसं पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगानं पिकावर औषध मारायची. बाई बॅटरी पेटवून दाखवायच्या. "ही पेटली. आता बटण बंदच झालं न्हाई तर? किड्याच्या नसंतलं बंद व्हायचं बटण ह्ये औषध बिघडवतंय. तेच बटण आपल्यातबी हाय." मग घाम सुटतो, लाळ गळते, अंग फडफडतं, बाहुल्या बारीक होतात, हे सगळं त्या हावभावांसकट करून दाखवायच्या. लोक पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तसेच उघड्या अंगानं फवारायला जायचे.

माझ्या लग्नाला नवरदेव कासुर्डीहून टेम्पोनं आले, ते घामानं निथळतच. डोळ्यांतून पाणी, तोंडाला सारखा रुमाल. मावशी म्हणाली, "जावई लई हळवा हाय गं!" मीही मनातून सुखावले.

तेवढ्यात बाई आहेराचं पातेलं घेऊन आल्या आणि सवयीनं बॅटरी मारली. त्यांचं हसू मावळलं. "खसखशीएवढ्या झाल्यात. फवारलंत का, जावईबापू?"

नवरदेवांनी मान खाली घातली. पहाटे हळदीचं न्हाणं उरकल्यावर त्यांनी गुपचूप वांग्यांवर दोन पंप मारले होते. पंप पाठीवर गळत होता. पुन्हा आंघोळ केली तर चोरी उघडी पडेल, म्हणून तसेच लग्नाचे कपडे चढवले होते.

बाईंनी हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, त्यांना मांडवामागं नेऊन कपडे उतरवले आणि साबणानं डोक्यापासून घासायला घेतलं. मावशी ओरडली, "अवो, हळद धुऊन चालली!"

"हळद परत लावता यील, नवरा परत कुठनं आणू?"

मी मुंडावळ्या बांधून उभी होते. ज्या माणसाशी अजून एक शब्दही बोलले नव्हते, तो जगावा एवढंच मागत होते. बाई जीपनं त्यांना केडगावच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. इंजेक्शनं देऊन रात्रभर ठेवून घेतलं. वऱ्हाडानं त्या दिवशीही जेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर पुन्हा. इंजेक्शनानं बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की लग्नात तुझं तोंड मला धड दिसलंच नाही, असं हे अजून ऐकवतात. मी सासरी निघताना बाईंनी आहेराच्या पातेल्यात स्वतःची बॅटरी टाकली.

पुढं बाई निवृत्त होऊन त्यांच्या गावी, शिरूरला गेल्या. काही वर्षांनी आम्ही दोघं भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. "कोण आलंय?" म्हणून त्या डोळे बारीक करून बघत होत्या. मी पर्समधून त्यांचीच बॅटरी काढली आणि त्यांच्या डोळ्यांत मारली.

"बाहुल्या ठीक हायेत, बोला आता!"

बाई हसता हसता रडल्या. मग माझा हात चाचपडत धरला आणि ह्यांच्याकडं मान वळवून विचारलं, "आन् ह्यांच्या गं?"

"रोज बघते, बाई."