तीन पेनांची वही

सई, निनाद, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या बाबालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही लिहून. समोर बसून मला जमलं नसतं.

मधुमेहामुळे माझं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवसातून चार वेळा स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढायची, हेही. सई, तू फोनवर विचारतेस, "आजी, नळी?" आणि मी म्हणते, "झालं गं." झालेलं असायचं का?

मला ते शिकवलं मंगलने. इथे नगरच्या दवाखान्यात ती नर्स आहे. नेवाशाच्या शाळेत माझ्याकडेच इंग्रजी शिकली. मी लाजून मान फिरवली, तर म्हणाली, "बाई, आरशात नका बघू. बोटानं वाट शोधा. स्पेलिंगसारखंच हाय, पाठ झालं की बघावं लागत न्हाई." स्पेलिंग चुकलं की मी तिला बाकावर उभी करायचे. तिने माझे गुडघे किती हलक्या हातानं धरले होते!

महिनाभर नीट केलं. मग टाळू लागले. जळजळ व्हायची, खरं — पण कारण ते नव्हे. पाय फाकवून बसलेली ती म्हातारी मी आहे, हे मला सोसत नव्हतं. वेळा लिहायला डॉक्टरांनी वही दिली होती, आणि कोरा रकाना मला कधीच बघवलेला नाही. मी रविवारी बसून आठवड्याचे रकाने भरू लागले. एक निळं पेन, एक काळं, एक संपत आलेलं. मुलींची एका बैठकीत भरलेली वही मी लगेच ओळखायचे ना? तेच कसब.

मग ताप आला. सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. डॉक्टरांनी वही चाळली. "बाईंनी एकही वेळ चुकवलेली नाही," ते म्हणाले आणि मंगलकडे वळले. "म्हणजे शिकवण्यातच चूक आहे."

"दोनदा करून घेतलं हुतं, सर," एवढंच ती म्हणाली.

एक वाक्य — माझं एक वाक्य पुरलं असतं. मी वही पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

पेशंटना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. आता ती केसपेपरच्या खिडकीत बसते.

नळी सोडली तर मूत्रपिंड जाईल, नाहीतर कायमची पिशवी लावावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. तीन दिवस विचार केला. चालू ठेवणार आहे. आज सकाळी सहाला घातली. दुपारी बाराला नाही घातली. तो रकाना कोरा आहे, कोराच राहील. मंगळवारी वही घेऊन जाईन आणि डॉक्टरांना सांगेन, मंगलच्या समोर.

मागच्या खेपेला खिडकीशी गेले, तर मला पाहून ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. "बाई, जळजळ कमी हाय का आता?"

"बरीच कमी आहे गं," मी म्हटलं. होतीच कमी — नळी मी घालतच नव्हते.