मोरीतला नागोबा

घोडेगावात आमच्या आळीत नागपंचमीची पूजा वारुळापाशी होत नाही. ती आमच्या न्हाणीच्या मोरीपाशी होते.

पाहुण्यांना याचं नवल वाटतं. त्यांना आळीतल्या बायका सांगतात, ‘‘लई जागृत हाय.’’ मी मान डोलावते आणि लाह्यांचं ताट पुढे करते. खरी हकिगत माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातल्या एक, म्हणजे माझ्या सासूबाई, ती पोटात घेऊनच गेल्या. उरले मी, आणि पोटात काही राहील असा माझा स्वभाव नाही.

माझं माहेर जुन्नरकडचं आळे गाव. माझं लग्न ठरलं ते केसांवर. म्हणजे रंग, उंची, स्वयंपाक हे सगळं बेताचंच होतं, पण केस गुडघ्यापर्यंत! मधल्या माणसानं तसं सांगितलं, सासूबाईंनी बघायला येऊन खात्री केली, आणि ‘पोरगी पसंत’ म्हणून निरोप आला. आता खरं सांगायचं तर केस जेमतेम खांद्यापर्यंत होते. बाकीचं गंगावन, म्हणजे उसने केस! आईनं जुन्नरच्या बांगडीवालीकडून ते माझ्या बघण्याच्या आदल्या बाजारी आणलं, माझ्या वेणीत गुंफलं आणि लग्नात निघताना कानात सांगितलं, ‘‘पैलं लेकरू हुईस्तवर कुनाला कळू द्यायचं न्हाई. मग केस गळालं म्हनायचं.’’

एवढं भिण्यासारखं काय होतं? तर सासूबाई वस्तू परत करण्यात पटाईत होत्या. मडक्याला बारीक चीर निघाली, मडकं परत. सांगितलं तेवढं दूध देईना म्हणून म्हैस परत. एका बैलाच्या शिंगाला रंग देऊन चीर झाकली होती, तर तो बैल मंचरच्या बाजारात त्याच माणसाच्या हातात कासरा देऊन परत! ‘‘सांगितलं येक आन् निघालं येक, तर ती चीज माज्या दारात नको,’’ असं त्या म्हणायच्या. मी रोज रात्री निजताना त्या बैलाच्या जागी स्वतःला बघायची. गळ्यात कासरा, डोळ्यांत पाणी, आणि पुढे आळ्याचा रस्ता!

आमचे मामंजी हिरड्याचे व्यापारी. डोंगरातून हिरडा यायचा, पोती भरून मागच्या पडवीत रचायची. प्लेगची साथ येऊन गेल्यावर सरकारी माणसं गावोगाव सांडपाण्यावर बोलून गेली होती. मामंजींनी ते असं मनावर घेतलं, की पडवीला लागून घडीव दगडांची न्हाणी बांधली आणि भिंतीतून परसात जाणारी चुन्यातली मोरी काढली. पाणी बाहेर पडायचं ते अळूच्या वाफ्यात. येईल त्याला मामंजी आधी मोरी दाखवायचे, मग बसायला घोंगडी द्यायचे.

पण त्या साली आषाढापासून मोरीचं काहीतरी बिनसलं होतं. पाणी जायचं, पण रुसलेल्या पाहुण्यासारखं थांबत थांबत. सासूबाईंचंही आषाढापासून काहीतरी बिनसलं होतं. एरवी पदर खांद्यावर टाकून घरभर फिरणारी बाई, पण आता चुलीपुढेसुद्धा पदर कपाळापर्यंत ओढलेला! मला वाटलं, चातुर्मासाचा काही नेम असेल. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे मला तेव्हा कळलं असतं तर माझं निम्मं रक्त आटायचं वाचलं असतं.)

पहिली पंचमी माहेरची. पण घोड नदीला पूर आला आणि मला न्यायला निघालेला माझा भाऊ, माझा मुऱ्हाळी, पलीकडच्या काठावर अडकून पडला. तेव्हा पंचमीला मी सासरीच. सकाळी मी न्हाणीत शिरले, केसांना शिकेकाई लावली, गंगावनालाही लावली (तेही माझेच केस की!), आणि ते दगडाच्या कडेला ठेवून डोक्यावर पाणी घेतलं. मोरी तुंबलेली, पाणी घोट्याच्या वर आलेलं. डोळ्यांत शिकेकाई गेली. डोळे चोळत चोळत उघडले, तर मोरीच्या तोंडाशी फेसातून एक काळीभोर, ओली, चकाकणारी शेपूट वळवळत होती!

मी ओरडले. साधं नाही ओरडले. नदीपलीकडे माझ्या भावानं ते ऐकलं असं तो पुढे सांगायचा. अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी मी पडवीत येऊन पडले.

‘‘काय झालं गं?’’ सासूबाई धावल्या.

‘‘सा... सा...’’

‘‘सासू काय? हितंच हाय मी!’’

‘‘साप!’’

शेजारच्या गोदाक्का भिंतीवरून डोकावल्या. त्यांना आमच्या घरातलं सगळं आमच्या आधी कळायचं. त्या दारातून येईपर्यंत मामंजी न्हाणीत वाकून बघत होते. न्हाणीत उजेड बेताचा, चुलीचा धूर भरलेला. मामंजींनी शेपूट पाहिली, तेवढ्यात पाण्यानं तिला हेलकावा दिला आणि मामंजी दोन्ही हात जोडूनच मागे सरले.

‘‘नागोबा!’’ ते म्हणाले. ‘‘आज पंचमी. म्हाराज सोता आलं!’’

‘‘अगं बया!’’ गोदाक्कांनी गालावर बोटं मोडली. ‘‘लोकं वारुळाला जात्यात आन् तुमच्याकडं वारूळ सोडून आलं! भाग्याचं घर रं दादा!’’

सासूबाईंनीही वाकून पाहिलं. एकदम पांढऱ्या पडल्या. पदर आणखी घट्ट ओढून घेतला. मला वाटलं, केवढी ही भक्ती!

मी केस पुसायला लागले. ओले केस मागे घेतले, खोपा घालायला हात मागे नेला. हाताला केस लागले ते खांद्यापाशी संपले! मी दगडाच्या कडेकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

आत्तापर्यंत मी भीत होते तो साप आहे म्हणून. आता त्याच्या दसपट भ्याले, तो साप नाही म्हणून! ‘देवा, नागच असू दे रे,’ असं म्हणणारी त्या दिवशी अख्ख्या आंबेगाव तालुक्यात मी एकटीच असेन. डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात बसले. आता घरात पदर ओढलेल्या बायका दोन झाल्या.

‘‘मामंजी,’’ मी धीर करून म्हटलं, ‘‘काठीनं जरा... पलीकडं ढकललं तर?’’

‘‘काठी?’’ मामंजी एवढे ओरडले की माझा धीर चुलीत गेला. ‘‘पंचमीला? आज कुनी खुरपं हातात घेत न्हाई, भाजी चिरत न्हाई, तवा ठिवत न्हाई, आन् तू देवाला काठीनं ढोसतीस?’’

झालं! मोरीला हात लावायचा नाही असा हुकूम सुटला. मग आळी लोटली. कुणी दूध ओतलं, कुणी लाह्या टाकल्या, हळदकुंकू, आघाडा, दुर्वा, फुलं! आधीच तुंबलेली मोरी. तिच्या तोंडात आळीनं जेवढं मावेल तेवढं कोंबलं, आणि वर प्रत्येकीनं तांब्याभर पाणी वाहिलं. पाणी चढलं, उंबऱ्यावरून पडवीत आलं आणि हिरड्याच्या पोत्यांकडे निघालं.

मामंजींची गाळण उडाली. हिरडा भिजला की गेला! एक पोतं पाठीवर घेऊन ते न्हाणीच्या दारात उभे राहिले आणि काकुळतीनं म्हणाले, ‘‘म्हाराज, ऱ्हावा की. लई दिस ऱ्हावा. पन जरा अंग चोरून बसा, पानी तेवडं जाऊ द्या!’’

शेपूट हलली. ‘‘न्हाई म्हन्त्यात,’’ गोदाक्का म्हणाल्या.

शेवटी मामंजींना युक्ती सुचली. ‘‘मढकडचा वैदू बाजारपेठंत उतरलाय. त्येला आनतो. काठी न लावता, नुसत्या हातानं समद्यांसमोर भायेर काढंल म्हाराजांना. मग दर्शन घ्या, आन् रानात सोडू.’’

नुसत्या हातानं! समद्यांसमोर! माझ्या डोळ्यांपुढे तो वैदू दिसला. उजव्या हातात उंच धरलेलं माझं गंगावन, भोवती सगळी आळी, आणि सासूबाई हळूच कासरा शोधताहेत!

मामंजी वैदूकडे गेले. आमचे हे पोती वाहून वाहून अंगणात आडवे झाले होते. बायका झोके बांधलेल्या वडाकडे गेल्या. मी ‘पोटात कळ येते’ म्हटलं. सासूबाईंनी आग्रह केला नाही, ‘‘ऱ्हा मंग. माजं बी जरा डोस्कं दुखतंय, मी परसात बसते,’’ म्हणून निघून गेल्या. आता नाहीतर कधीच नाही!

मी न्हाणीत शिरले. पाण्यावर लाह्या तरंगत होत्या. शेपूट तशीच. आणि तेव्हा माझ्या मनात तो घातकी विचार आला. गंगावन उंदरानं नेलं असेल, आणि हा खरंच नाग असला तर? दोन्ही भीती एकदम आल्या आणि दोघींनी मला एकेका दंडाला धरलं. पण माहेरी परत पाठवतील ही भीती जास्त दांडगी निघाली. हाताला पदर गुंडाळला, डोळे मिटले, ‘आई गं’ म्हटलं आणि शेपूट धरून ओढली.

शेपटीनं मला ओढलं!

मी जिवाच्या आकांतानं मागे खेचलं. तिनं आत खेचलं. सोडलं तर डसणार, धरलं तरी डसणार! मी किंचाळले, ‘‘मेले, मेले!’’

आणि मोरीतून आवाज आला, ‘‘अगं आई, मेले गं!’’

नागाला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. असलाच तर तो हुबेहूब माझ्या सासूबाईंसारखा असेल, हे तर मुळीच ठाऊक नव्हतं.

‘‘कोन हाय?’’ मोरीनं विचारलं.

‘‘मी... सगुणा.’’ (देवाला नाव खोटं सांगू नये.)

‘‘मेले, तू काय ओडतीस?’’

‘‘आत्याबाई? तुमी... तुमी कुठं हाय?’’

‘‘अळूत! सोड आदी!’’

मी सोडलं. भिंतीपलीकडे धप्पकन काहीतरी पडलं आणि मोरी गडगडली. सकाळपासूनचं पाणी, दूध, लाह्या, फुलं, सगळं एका दमात बाहेर धावलं. त्यानंतर परसातून जे शब्द ऐकू आले ते पंचमीला बोलायचे नव्हेत.

थोड्या वेळानं सासूबाई दारात उभ्या. नखशिखांत दुधात न्हालेल्या, कपाळाला लाह्या चिकटलेल्या, अळूचं एक पान खांद्यावर. पदर पडला होता. आणि मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांच्या मानेवर उंदराच्या शेपटीएवढी वेणी होती. हातात काळ्या केसांचा एक गुंताडा. तो त्यांनी माझ्यापुढे टाकला आणि उलगडला. एक गंगावन नव्हतं. दोन होती!

‘‘ह्ये तुजं?’’ त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. ‘‘व्हय. आन् ते?’’

सासूबाईंनी दुसऱ्या गंगावनाकडे एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. ‘‘ते नागोबाचं,’’ त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. दिवसभराचं सगळं एकदम आलं. ‘‘आत्याबाई, मला परत पाठवू नका. केस न्हाई माजे, पन बाकी मी समदी खरी हाय.’’

त्यांनी खांद्यावरचं अळूचं पान काढून टाकलं. मग माझ्या जवळ बसल्या आणि ओल्या हातानं माझं तोंड पुसलं. ‘‘तुला कुठं पाठवू गं? तसं कराया लागले तर आदी मलाच म्हायारी जावं लागंल. आषाढात न्हाताना खुंटीवरनं मोरीत पडलं माजं. त्या दिसापास्नं डोईवरचा पदर काढला न्हाई मी. तुज्या मामंजींनी बी लगीन केसं बगूनच केलंया!’’

मी हसले. त्याही हसल्या. सासूबाईंना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला जरा भीतीच वाटली.

मग आम्ही दोघींनी घाईनं गुंता सोडवला, धुतला, पिळला. दोन्ही त्या एकाच बांगडीवालीकडची, एकाच काळ्या गोंड्याची. कुठलं कुणाचं, बघणाऱ्याला कळलं नसतं. तेव्हा लांब होतं ते सासूबाईंनी घेतलं. ते माझं होतं. पण विचारायची माझी छाती झाली नाही.

मामंजी वैदूला घेऊन आले तेव्हा न्हाणी कोरडी ठणठणीत होती. वैदूनं मोरीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘गेला. पन मोठा व्हता. जोडी व्हती.’’

सासूबाईंनी त्याला शिधा जास्तच घातला.

संध्याकाळी झोक्यावर गोदाक्कांनी बरोबर हेरलं. ‘‘सुनबाईचं केस कमी दिसत्यात गं?’’

‘‘धसका घेतला पोरीनं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘येका दिसात झडलं.’’

‘‘आन् तुमचं वाडल्यावानी दिसत्यात!’’

सासूबाईंनी खोप्यावरून हात फिरवला आणि नम्रपणे आमच्या घराच्या दिशेनं हात जोडले. ‘‘त्येची किरपा.’’

तिथून हे सुरू झालं. दर पंचमीला आळीतल्या लेकी-सुना आमच्या मोरीला दूध आणि लाह्या वाहतात, केस लांब व्हावेत म्हणून. मी सगळ्यांच्या पुढे असते आणि सगळ्यांपेक्षा जास्त भक्तीनं हात जोडते. बाकीच्यांना केस मिळतील की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझे मात्र त्याच मोरीत गेले, आणि अजून परत मिळालेले नाहीत!