खालचं पान

निलगिरीच्या पानावरचा रोग बुरशीचा आहे की जंतूंचा, हे ओळखायची एक साधी रीत आहे. डागाच्या कडेचा, म्हणजे तपकिरी रंग संपून हिरवा सुरू होतो तिथला, नखाएवढा तुकडा कापायचा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो ठेवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रोग जंतूंचा असेल तर कापलेल्या शिरेतून धुरासारखी एक रेघ पाण्यात उतरताना दिसते. तो धूर म्हणजेच जंतू. बुरशी असेल तर धूर निघत नाही. तुकडा निरोगी पानाचा असेल तरीही निघत नाही.

या शेवटच्या वाक्याचा मी एकदा उपयोग करून घेतला. त्यात एका माणसाची नोकरी गेली आणि घरही गेलं.

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. नवेगाव बांधच्या तलावापासून थोडं अलीकडे निलगिरीची रोपवाटिका नव्यानं सुरू झाली होती. नागपूरला शेतकी शिकून मी तिथं तात्पुरत्या नेमणुकीवर आलो होतो. रोपांवर लक्ष ठेवायचं, रोगराई दिसली तर कळवायचं, एवढं माझं काम. जवळच्या गावातल्या बाया वाफ्यांवर मजुरीला येत. आणि एक चौकीदार होता. गोंड माणूस, चाळिशीच्या आसपासचा. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात खात्यानं दिलेल्या झोपडीत तो आणि त्याची बायको राहायची. तंबाखू नेहमी दुसऱ्याची खायचा, आणि थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तलावावर वाघ समोरासमोर आला आणि आपल्याला पाहून तोंड फिरवून निघून गेला, हे तो दर आठवड्याला सांगायचा. बाया वाफ्यातून वर न पाहता म्हणायच्या, "वाघाले बी तुह्या तोंडाची लाज वाटली असंल." तोही हसायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायचा.

पाऊस लागून राहिला आणि रोपांच्या पानांवर डाग पडू लागले. आधी पाण्यात भिजल्यासारखे, मग तपकिरी, कोनेदार. पानं कोरडी होऊन गळायची. साहेब, म्हणजे आमच्या वरचे अधिकारी, जबलपूरकडचे. त्यांनी बुरशी असं ठरवून मोरचुदाची फवारणी सांगितली होती. ती दोनदा करूनही डाग पसरतच होते.

मी तुकडा कापून पाहिला आणि मला धूर दिसला. पुस्तकातलं चित्र प्रत्यक्ष हलताना पाहिल्याचा तो आनंद मला अजून आठवतो. मी चौकीदाराला हाक मारली.

"पाहा. एक डोळा मीट."

त्यानं आधी चुकीचाच डोळा मिटला. मग बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"काय दिसतंय?"

"कोनाची तरी चूल पेटली जी. धूर निघून राहिला." मग एकदम सरळ होऊन म्हणाला, "मी नाही पेटवली, बाबू."

मी त्याला सगळं समजावलं. कुठं कापायचं, का कापायचं. निरोगी पान आणि डागाळलेलं पान शेजारी ठेवून दाखवलं. त्याला समजावण्यात मला स्वतःलाच ऐकण्याचं सुख होतं. पुढं मी उकडलेल्या बटाट्याच्या कापावर ते जंतू वाढवले. त्यांची पिवळी, चिकट साय धरली. सुईनं ते निरोगी रोपाच्या पानात टोचले आणि तिथंही तसेच डाग उठले. त्या डागातूनही धूर निघाला. आता शंका उरली नव्हती. साहेबांनी माझं ऐकून घेतलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तो फिर दवा क्या है?"

दवा नव्हती. मी म्हणालो, रोगट रोपं उपटून जाळून टाकावी लागतील.

"जला दो. एक पत्ता भी बाहर न जाए."

पोळ्याच्या दिवशी बायांनी रोपं उपटून ढीग केला. पाऊस थांबत नव्हता. जाळायला गेलो तर ढीग नुसता धुमसायचा आणि विझायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे गावात नारबोद होता. त्या भागात पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या रोवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटून, घरातला केरकचरा, फुटकी टोपली घेऊन गावाच्या शिवेबाहेर फेकून येतात. जाताना ओरडत जातात. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, माशा घेऊन जा. तिथं टाकलेलं कोणी परत आणत नाही. मागं वळून पाहतही नाहीत.

बाया फांद्या घेऊन रोपवाटिकेच्या दारावरून चालल्या होत्या. त्यातली एक थांबली.

"बाबू, हा रोग बी देऊन टाका ना नारबोदले. कायले जाळत बसता पान्यात?"

मला ते आवडलं. गंमत वाटली, आणि काम हलकं होत होतं हेही खरं. मी हो म्हणालो. त्यांनी ढीग टोपल्यांत भरला आणि चौकीदारासकट सगळे ओरडत निघाले. "पानाचा रोग घेऊन जाऽऽ नारबोद!" मी छत्री धरून फाटकात उभा राहून हसत होतो.

आठवड्यानं साहेब आले. मोकळे वाफे पाहून विचारलं, "सब जला दिया?"

"जी."

एवढाच शब्द. त्या वेळी तो मोठा वाटला नाही.

दिवाळी झाली, उघडीप पडली. साहेब पुन्हा आले तेव्हा रोपवाटिकेतून फिरत झोपडीच्या मागं गेले. कुडाच्या आडोशाला निलगिरीची काही झाडं उभी होती. कमरेएवढी, तजेलदार. इतकी चांगली रोपं आमच्या एकाही वाफ्यात नव्हती. मी ती पाहिली होती. कुठली, ते विचारलं नव्हतं, कारण मला कळत होतं.

साहेबांनी चौकीदाराला बोलावलं. कामावरच्या बायाही येऊन उभ्या राहिल्या.

"ये कहाँ से लाया?"

"सिवेवरून उचलली साहेब. नारबोदले फेकली होती थे. शेंडा हिरवा होता. मले वाटलं, जगतील."

"वो तो जला दी थीं. क्यों बाबू?"

मी झाडांकडं पाहत राहिलो. चौकीदारानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. बाबूनं फेकायला सांगितली, हे त्याला म्हणता आलं असतं. तो माझी वाट पाहत होता असं मला वाटतं.

साहेबांनी बायांना विचारलं, "तुम लोगों ने देखा?" त्या एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं पदर तोंडाशी धरून दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं, "नारबोदले देल्लेलं घरी आणलं त्यानं. आता भोग म्हणा." त्यांच्या दृष्टीनं चोरीपेक्षा ते वाईट होतं. आणि रोजावरच्या बाईनं साहेबापुढं बोलावं असे ते दिवसही नव्हते.

"अच्छे पौधे चुराए और अब शेर वाली कहानी सुना रहा है," साहेब म्हणाले. वाघाची गोष्ट त्यांच्यापर्यंतही पोचली होती. मग माझ्याकडं वळले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. ते म्हणाले, "तुम्हारे पास मशीन है न? बीमारी वाले पौधे होंगे तो दिख जाएगा. दिखा तो ये सच बोल रहा है."

म्हणजे सगळं माझ्या हातात आलं. त्या पानांत जंतू दिसले तर चौकीदार सुटत होता. पण मग रोपं जाळली नव्हती, मी खोटं बोललो होतो, हेही सिद्ध होत होतं, आणि माझी नेमणूक तात्पुरती होती. जंतू दिसले नाहीत तर तो चोर.

सूक्ष्मदर्शक बाहेर ओट्यावर मांडला. झाडाजवळ जाऊन मी पाहिलं. वरची पानं स्वच्छ होती. पाऊस थांबला आणि पानांवर पाणी उडायचं बंद झालं तसा रोग मागं हटला होता. माझ्या पुस्तकी घाईत हे मला सुचलंच नव्हतं. ती रोपं उपटायची गरजच नव्हती कदाचित. पण अगदी खाली, बुंध्याशी, दोन-तीन जुनी पानं अजून लोंबत होती आणि त्यांच्यावर ते कोनेदार डाग होते.

मी वरचं पान तोडलं.

चौकीदार जवळच उभा होता. तो अगदी हळू म्हणाला, "थे नाही जी बाबू. खालचं पान घ्या."

मी ब्लेडचं पातं त्याच पानावर ठेवलं.

"डागाच्या कडेचं घ्या ना जी. तुमीच त सांगतलं होतं."

"मला शिकवू नको," मी म्हणालो.

साहेब हसले. "अरे वाह, ये भी साइंटिस्ट हो गया."

बायाही हसल्या. चौकीदारही, सवयीनं असेल, थोडा हसला.

मी तुकडा थेंबात ठेवला, काच ठेवली आणि पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. मी बराच वेळ पाहिलं, जणू शोधतो आहे. साहेबांनीही वाकून पाहिलं.

"काही दिसत नाही," मी म्हणालो. या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चौकीदाराला काढून टाकलं. दोन दिवसांत झोपडी रिकामी करायला सांगितली. त्याच्या बायकोनं चूल फोडली आणि तिची माती टोपलीत भरून नेली. माती कशाला न्यायची, हे मला तेव्हा समजलं नाही; नवी चूल त्याच मातीची घालायची होती, हे पुढं कळलं. चांगली वाढलेली ती झाडं साहेबांनी मुळासकट काढून खात्याच्या विश्रामगृहासमोर लावायला सांगितली. तीही मी लावून घेतली.

ती दोघं गेली त्या संध्याकाळी मी खालचं पान तोडलं. डागाच्या कडेचा तुकडा कापून पाहिला. धूर निघाला. फार नाही, पण निघाला.

वर्षभरानं कामानं सडक अर्जुनीला चाललो होतो. कोहमाऱ्याच्या चौकात उतरलो, तर तो दिसला. ट्रकमधून धानाची पोती उतरवत होता. वाळला होता. मला पाहून पोतं खाली ठेवून आला. रामराम केला. मी तंबाखू पुढं केली, ती त्यानं घेतली. आपण का थांबलो हे मला कळत नव्हतं. त्यानंच विचारलं.

"बाबू, खालचं पान पाहलं का जी मंग?"

"पाहिलं."

"निंगला धूर?"

"निघाला."

त्यानं मान हलवली. पाहणी बरोबर आली की मीही तशीच मान हलवत असे. मग तंबाखू मळत म्हणाला, "मंग सांगा ना साहेबले. मी चोर नाही म्हणून. नोकरी नाही देली त राहू द्या. माही घरवाली माहेरी जात नाही जी लाजेपायी."

"साहेबांची बदली झाली," मी म्हणालो. ते खरं होतं.

"तुमची त नाही झाली."

ट्रकवरून कोणीतरी त्याला शिवी देऊन हाक मारली. "येऊन राहिलो!" असं ओरडून तो गेला. पोतं पाठीवर घेताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

नव्या साहेबांना सांगायचं मी ठरवलं होतं. ते आले तेव्हा विश्रामगृहासमोरच्या झाडांखाली उभे राहून आम्ही बोललो. त्यांनी झाडांचं कौतुक केलं, रोपं कोणी वाढवली असं विचारलं. उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "इथल्याच रोपवाटिकेतली आहेत."

पुढच्या उन्हाळ्यात माझी नेमणूक कायम झाली. त्यानंतर माझीही बदली झाली.