मॉलमधली कबड्डी घरात आणताना

जी गेम आम्ही बनवली ती बाजारात कधी आलीच नाही. तिचे किस्से मात्र चहाच्या टपरीवर न बोलावता येऊन बसतात. एक सांगायला घेतला की मागून चार हजर!

बारामतीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं तीनच. मी, निरवांगीचा नितीन आणि काटेवाडीची दीपाली. पुण्याच्या कंपनीनं काम दिलेलं. मॉलमध्ये नाणं टाकून खेळायचं कबड्डीचं मोठं मशीन असायचं, तीच गेम घरच्या टीव्हीवर खेळता येईल अशी करायची.

नितीननं हे वडिलांना समजावलं, "तात्या, मॉलमधली कबड्डी घरात आणायचीय."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आरं, पण ती मॉलमधी नेली कुणी?"

* * *

नमुन्याला म्हणून पुण्याहून ते मशीन आलं. जिन्यात वळेना, म्हणून दोन दिवस खालीच ठेवलं. एक आजोबा आले, चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि नाणं टाकून ताठ उभे राहिले. अजिबात हलले नाहीत. मिनिटभरानं मशीन ओरडलं, "तुम्ही हरलात!"

आजोबा माझ्याकडं वळले. "म्हंजी वजन वाढलंय का घटलंय?"

* * *

कबड्डीचे नियम सांगायला वरकुट्याचे आबा यायचे. तीस-पस्तीस वर्षं पंच म्हणून काढलेली. शिट्टी खिशात कायम. पहिल्याच दिवशी स्क्रीनसमोर बसले आणि दोन मिनिटांत शिट्टी फुंकली. खालच्या दुकानातला मिस्त्री धावत वर आला!

"ह्यो गडी बाद," आबा म्हणाले. "दम घुमवतच न्हाय."

नितीन म्हणाला, "आबा, आवाज अजून टाकला नाही. तो सध्या श्वासच घेत नाही."

"मग दवाखान्यात न्या की त्याला! मैदानात कशाला उतरवलाय?"

* * *

दीपालीचं काम टेस्टिंगचं. दिवसभर खेळायचं आणि चुका शोधून पुण्याला कळवायच्या. एकदा तिनं मेल टाकला, "सात नंबरचा खेळाडू रेघ ओलांडून बाहेर जातो, परत येत नाही."

पुण्याहून मॅनेजरचं उत्तर आलं, "किती दिवस गैरहजर आहे? नोटीस काढा."

दीपालीनं मला विचारलं, "काढू?"

मलाही खात्रीनं नाही म्हणता येईना.

* * *

दीड वर्षानं कंपनीचा मेल आला. प्रोजेक्ट बंद, सगळं डिलीट करा. कारण काही नाही. नितीन उठला आणि जिन्यात जाऊन बसला. दीपालीनं सगळे कॉम्प्युटर बंद केले. तेवढ्यात आबा आले.

"काय झालं?"

"बंद केलं, आबा."

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही."

"मग सामना संपला कसा?"

आबांनी शिट्टी खिशातून काढली, हातात फिरवली, परत ठेवली आणि खाली उतरले. जिन्यात नितीनच्या शेजारी बसले.

* * *

आता आम्ही शाळांची ॲप बनवतो. परवा दुपारी ऑफिसचा फोन वाजला. नितीननं स्पीकरवर टाकला. बाईचा आवाज.

"तुमीच ना कबड्डीच्या गेमवालं? टीव्हीवर तुमचा नंबर येतोय. आमच्या सासूबाई हारल्यात. सकाळधरनं जेवल्या न्हाईत."

नितीन खुर्चीतून उठलाच. "ताई, ती गेम बाजारात आली नाही. तुमच्याकडं कुठून आली?"

"ते मला काय म्हाईत? हाय आमच्याकडं. सगळ्या मॅची जिंकल्या त्यांनी, फायनलला हारल्या."

नितीननं आमच्याकडं बघितलं. दीपाली मान हलवत होती.

"ताई, फायनल शक्यच नाही. काम बंद पडलं तेव्हा फायनल राहिली होती. आम्ही ती बनवलीच नव्हती!"

पलीकडं कुजबुज झाली. मग फोनवर सासूबाईच आल्या.

"बनवली न्हाय म्हंजी? मग मी हारले कुणाकडनं?"