बाहेरून लागलेली कडी

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात पोरं भुताखेताचं काही काढायला लागली की मी विचारते, "कोणी पाहिलं? किती वाजता? उजेड कसा होता?" दुसऱ्या प्रश्नालाच बहुतेक गोष्टी संपतात. त्यामुळे हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय... पण झालं तसं सांगते, वेळ आणि उजेडासकट.

जालन्यात अंबड रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी आहे. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथे भरदुपारी घरफोड्या सुरू झाल्या. माणसं कामावर गेली की कुलूप तोडायचं, आणि त्याआधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावून टाकायच्या, म्हणजे कोणी मदतीला येऊ नये. ही चोरांची जुनी पद्धत आहे, असं पोलीस चौकीच्या जमादारांनी कॉलनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. मग सगळ्यांच्या खिडक्यांना जाड ग्रिल बसले आणि कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा लागला.

आमच्या दाराला इंटरलॉक आहे, बाहेरची कडी आम्ही वापरतच नव्हतो. त्यात आधीच्या दिवाळीला रंगाऱ्याने आळस केला आणि खाली लोंबणाऱ्या कडीवरूनच ऑइलपेंट फिरवला. कडी दाराला चिकटून बसली. चोऱ्यांचं ऐकून नवरा म्हणाला, "बरं झालं. आता चोराच्या बापालाबी लावता येणार न्हाई."

समोरच्या घरात नसरीन भाभी राहते. तिचे मिस्टर ट्रकवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. ती घरी ब्लाऊज शिवायची. मला ती "टीचर" म्हणते. आठ वर्षांचा शेजार, दुपारचा चहा एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. घरफोड्या सुरू झाल्यावर आमचं दोघींचं ठरलं होतं – काही वाटलं तर हाक मारायची, दुसरीने धावत यायचं.

एप्रिलमधला मंगळवार होता. सकाळची शाळा करून मी सव्वाबाराला घरी आले. किल्लीने दार उघडलं, आत आले, लावून घेतलं. घरात मी एकटीच. नवरा नोकरीला जाफराबादला होता. अडीचच्या सुमारास कूलरमध्ये पाणी टाकायला म्हणून तो बंद केला, म्हणूनच मला ऐकू आलं.

"टीचर! ओ टीचर!"

नसरीनचा आवाज. साधी हाक नव्हती ती. मी बादली टाकून दाराकडे पळाले. लॉक उघडलं, दार ओढलं... दार बोटभर सरकून अडकलं. बाहेरून कडी लागलेली होती.

मी दार गदागदा हलवलं. लाथा घातल्या. मागचं दार आमच्या घराला नाही. खिडकीशी जाऊन ओरडले, पण गल्लीत घराघरात कूलर चालू होते, कोणाला काय ऐकू जाणार! समोर नसरीनचं दार अर्धं उघडं, बाहेर बिननंबरची मोटरसायकल. आतून ती आणखी दोनदा ओरडली – "टीचर, जल्दी आव!" मग आवाज थांबला.

दोघं जण बाहेर आले. धावत वगैरे नाही, चालत. एकाच्या हातात कत्ती होती, लांब पात्याची. त्याने माझ्या खिडकीकडे सरळ बघितलं, गाडीवर बसला आणि दोघं गेले.

पुढे मागच्या गल्लीतले एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका माझ्या ओरडण्याने आले. आणखी दोघं-तिघं जमली. त्यांनी आधी नसरीनला ऑटोत घातलं, ते बरोबरच होतं. तिचा उजवा हात ओढणीने गुंडाळलेला, ओढणी लाल. ऑटो निघताना तिने माझ्या बंद दाराकडे बघितलं. खिडकीकडे नाही, दाराकडे.

मग काका माझ्या दाराशी आले. कडी हाताने हलेना.

"पोरी, ही तं जाम हाय! रंगात बसली हाय पुरी. कोन लावली?"

शेवटी घरून हातोडी आणून त्यांनी ती ठोकून काढली. मी आधी जमिनीवर पडलेले रंगाचे टवके बघितले. कडी कोयंड्यात होती, आणि कडी-कोयंड्यावरून रंगाचा सलग थर होता, हे काकांनी ठोकण्याआधी नीट पाहिलं होतं. जणू रंगाऱ्याने ती लावलेल्या अवस्थेतच रंगवली होती. दिवाळीच्या रांगोळीचा फोटो आजही नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात मागे आमचं दार दिसतं, कडी खाली लोंबतेय. आणि त्या दिवशी सव्वाबाराला मी त्याच दारातून आत आले होते.

कॅमेऱ्यात आमचं दार पूर्ण दिसतं. जमादारांनी फुटेज तीनदा फिरवून पाहिलं. मी आत येताना दिसते. त्यानंतर अडीचपर्यंत आमच्या पायरीवर एक कुत्रंसुद्धा आलेलं नाही. मग एकदम दार आतून हलायला लागतं.

"दार हलून राह्यलंय, मॅडम," जमादार म्हणाले. "पण लावायला कोन्हीच आलं न्हाई. तुमी सोताच तं आतून..." पुढे त्यांनी स्वतःच मान हलवली. बाहेरची कडी आतून कशी लावणार?

महिन्याभराने ते दोघे भोकरदनकडे सापडले. भांडी-दागिने पॉलिश करून देतो म्हणून घरात शिरायचे. त्यांनी सगळं कबूल केलं. आमच्या कडीचंही विचारलं, तर म्हणे त्या घराच्या बाजूला आम्ही गेलोच नाही. जमादार मला म्हणाले, "तुमी बाहेर आल्या असत्या तं त्या कत्तीवाल्यानं सोडलं नसतं. वाचवलं तुमाला कोन्हीतरी." कॉलनीतही सगळे तेच म्हणतात. सासूबाईंनी तर नारळ फोडला.

नसरीनच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. शिलाई मशीन तिने जावेला देऊन टाकली. बरेच महिने ती माझ्याशी बोलली नाही. तिला वाटायचं, मी घाबरून आत बसले. शेवटी एका दुपारी मी ते फुटेज मोबाईलवर घेऊन तिच्याकडे गेले. तिने दोनदा पाहिलं. दार हलताना दिसतं तिथे थांबवून परत पाहिलं.

"तू आ रही थी," ती म्हणाली.

"हो."

मी तिला रंगाचं सांगितलं, फोटो दाखवला. सगळे म्हणतात मला कोणीतरी वाचवलं, हेही सांगितलं. मग मोबाईल माझ्याकडे देत, रागाने नाही, अगदी साधं विचारल्यासारखं तिने विचारलं –

"टीचर, जिसने तेरा दरवाजा बंद किया... उसने मेरा कायकू खुला छोड्या?"

ती उठली आणि डाव्या हाताने चहाचं आधण ठेवायला लागली.