आत्याची लाइन

बालाघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वसंताभाऊंनी उभा जन्म दुसऱ्यांचे फोन जोडण्यात घालवला. नियम एकच होता, दोन माणसं बोलायला लागली की आपल्या कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा. रिटायर झाल्यावर लोक तुळशीला पाणी घालतात, यांनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा एक्स्चेंज थाटलं! इंटरनेटवरचे आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल जोडणारं ते सॉफ्टवेअर. कोणी बोलायचं, कोणी ऐकायचं, हे सगळं वसंताभाऊंच्या हातात. आणि तेही फुकट.

मी शेजारी, त्यामुळे चिडवणं माझा हक्कच. "वसंताभाऊ, फुकटातलं बिघडलं त भांडाव कोणाशी?"

"आपल्याशीच," ते म्हणाले. "उघडून पाहाव, दुरुस्त कराव. सगळं उघडं ठेवलं हाय बनवणाऱ्यांनी."

पलीकडच्या घरी तुळसाबाईंच्या नातीचं बारसं ठरलं होतं. नाव आत्याने ठेवायचं, आणि ते सगळ्यांत आधी बाळाच्या कानात सांगायचं. मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. आत्या म्हणजे दीपिका, मस्कतला नर्स. चार दिवस आधी तिची सुट्टी रद्द झाली. नाव तिने मनात ठरवलं होतं, पण फोनवर आईलाही सांगेना. तुळसाबाई रडकुंडीला आल्या. व्हिडिओवर लामत्याचे, नागपूरचे पाहुणेही बसणार. दीपिका बोलली की नाव आधी त्यांच्याच कानावर जाणार.

"भाऊजी, तिचं बोलणं पोरीच्याच कानात जाईन, असं होते काय?"

"हौ, होते."

मग दोन दिवस तालीम. बाळ झालो मी. त्यांच्या खाटेवर पडून कानाशी फोन धरायचा आणि ते दुसऱ्या खोलीतून कुजबुजले की हात वर करायचा. या वयात मला पाळण्यात घालणारा हा एकच माणूस!

बारशाच्या दिवशी टीव्हीवर दीपिका दिसत होती, आवाज बंद. पाळणा म्हणून झाला आणि नेमकं चित्र थिजलं. तुळसाबाईंचा चेहरा उतरला.

"राहू द्या, मंजू ठेवन नाव, चुलत आत्याच हाय ते," एक म्हातारी म्हणाली.

"थांबा," वसंताभाऊ मान वर न करता म्हणाले. त्यांची बोटं चालली होती. मिनिटभराने दीपिका हलली.

तुळसाबाईंनी फोन बाळाच्या कानाशी नेला. दीपिकाने तोंडावर हात आडवा धरला. वसंताभाऊंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे पाहत बसले. घरात सगळे त्या नावासाठी तडफडत होते, आणि ज्याला ते सहज ऐकता आलं असतं तो कॅलेंडर वाचत होता. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला.

दीपिकाने अंगठा दाखवला. वसंताभाऊंनी टीव्हीचा आवाज सुरू केला.

"काका," ती म्हणाली, "आता हेडफोन तुम्ही लावा. बाकीच्यांचा आवाज बंद करा. पोरीनंतर नाव पहिले तुम्हीच ऐका, हा फोन तुमच्यासाठी हाय."

त्यांनी हेडफोन लावला. ऐकलं. डोळे भरून आले.

"काय ठेवलं? नाव काय ठेवलं?" बायका ओरडल्या.

वसंताभाऊंनी डोळे पुसले. "लाइनीवरचं बाहेर सांगाचं नसते."

आत्याच्या वाट्याचे धपाटे मग त्यांच्याच पाठीत बसले.