शेरूच्या गोळीचा प्रसाद

बाळांनो, आमच्या कुत्र्याची जंताची गोळी तुमच्या जामखेडच्या आजीने खाल्ली, आणि ती तिला मीच, पदर सावरून, दोन्ही हातांनी दिली.

आता क्रमाने सांगते. शेरूच्या शेपटीखाली भाताच्या शितांसारखं काहीतरी मला दिसलं. "अहो, हे जंताचे तुकडे आहेत," मी तुमच्या आजोबांना म्हटलं.

"भातच असेल. काल खाल्ला होता त्याने."

(भात वळवळत नाही, हे सुशिक्षित माणसाला समजावून सांगावं लागतं!)

दिवाळीत तुम्ही येणार, आणि शेरू पाहुण्यांचं स्वागत तोंड चाटून करतो. मी त्याच दिवशी श्रीरामपूरला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांकडून गोळी आणली. जंतांच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही, हे तुमच्या बाबाला विचारा. लहानपणी त्याला गोळी गिळल्यावर जीभ उचलून दाखवावी लागे. आजोबांना अजून लागते.

शेरू नुसती गोळी थुंकून टाकतो. म्हणून आजोबांनी दोन पेढे एकत्र वळून त्यात ती दडवली, पेढा ओट्यावर ठेवला आणि ते शेरूला शोधायला गेले. तो शेजारच्यांच्या टेम्पोखाली जाऊन बसला होता.

एवढ्यात मी स्वयंपाकघरात आले. ओट्यावर एक पेढा उघडा! पसारा मला बघवत नाही. मी तो पेढ्यांच्या डब्यात ठेवला, आणि गोड काही नैवेद्याशिवाय खायचं नाही म्हणून डबा देवापुढे ठेवला. नेमक्या तेव्हाच विहीणबाई एसटीने दारात हजर! त्यांना प्रसाद दिला. विहिणीचा मान म्हणून डब्यातला सगळ्यांत गुबगुबीत पेढा निवडून दिला.

मग आजोबा शेरूला काखेत घेऊन आले. "अगं, ओट्यावरचा मोठा पेढा कुठाय?"

आम्ही दोघांनी हळूच बाहेर पाहिलं. विहीणबाई पदराला बोटं पुसत होत्या.

"पेढा कसा होता?" मी विचारलं.

"लई ग्वाड," त्या म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही! पण प्रसादाला, तोही लेकीच्या सासरच्या, कोण नावं ठेवणार?

त्यांना काही झालं तर? लग्नात मानपानावरून चकार शब्द न निघालेली आमची सोयरीक आता कुत्र्याच्या गोळीवर मोडणार! मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. 'विहीण' हा शब्द काही जिभेवर येईना.

"डॉक्टर, शेरूची गोळी दुसऱ्याच जिवाने खाल्ली हो."

"वजन किती?"

"सत्तर किलो असेल."

"वासरू आहे का?"

"छे, वयस्कर आहे."

"गाभण आहे?"

"काहीतरीच काय! नातवंडं आहेत तिला!"

"मग घाबरू नका. उद्या सकाळी शेणात जंत पडतात का बघा."

"अहो, मी कशी बघू?"

"मॅडम, माणूस आहे का?"

"...विहीण आहे."

"मग मला काय विचारता! माणसांच्या डॉक्टरांना विचारा!"

आपले नेहमीचे डॉक्टर आधी पोटभर हसले. मग गोळीचं नाव विचारून म्हणाले, "एवढ्याने काही होणार नाही. लक्ष ठेवा, त्रास वाटला तर घेऊन या. पण त्यांना सांगा मात्र."

हे शेवटचं सगळ्यांत अवघड. मी बाहेर जाऊन खुर्चीच्या टोकावर बसले. "विहीणबाई, त्या पेढ्यात..."

"गोळी व्हती. दाताखाली आली की!"

"अहो, मग थुंकायची ना!"

"आता काय सांगू ताई! लेक सांगती ना मला, आमच्या सासूबाई जंताच्या गोळीतनं कुनालाबी सोडत न्हाईत. म्या म्हनलं, लागला पाव्हन्यांचाबी नंबर! गिळली पान्यासंगं. जीभ उचलून दावणार व्हते, तर तुमीच आत पळालात."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे मात्र गदगदा हलत होते.

"पण ती शेरूची गोळी होती हो," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी शेरूकडे पाहिलं. "मंग त्या बिचाऱ्याला काय दिलं?"

"अजून काहीच नाही."

"त्याला आना दुसरी. आन म्या पुन्यांदा आले की नुसती गोळीच द्या. शुगर हाय मला, पेढा सोसत न्हाई."

रात्री विहीणबाई दोन भाकरी खाऊन स्वस्थ झोपल्या. जागी होते ती मी!

गोष्ट गावभर झाली. आता आमच्याकडे पेढा दिला की माणसं आधी तो फोडून आत बघतात, शेरू तर लांबूनच वास घेऊन निघून जातो. माझ्या हातचा पेढा निमूट घेणारा एकटा देव उरला आहे, आणि तोसुद्धा, आजोबांच्या मते, खावा लागत नाही म्हणूनच!